‘परत एकदा करा’ म्हणता येत नाही: लग्नाचे आणि नवरीचे फोटो काढायचं काम

माझ्या तिसऱ्याच लग्नात नवरीचा चेहरा फोटोत पांढराफटक आला. गळा, कान, हात सगळं तिच्या नेहमीच्या रंगाचं, आणि चेहरा मात्र मुखवटा चढवल्यासारखा. खोलीत ती छान दिसत होती, आरशातही छान दिसत होती. मला वाटलं फ्लॅश जास्त झाला. कमी केला, आणखी कमी केला, तरी चेहरा आणि गळा यांतला फरक हटेना. नंतर कळलं ते असं: उन्हापासून जपणारं क्रीम आणि काही फाउंडेशन यांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, तर काही बारीक पावडरींत सिलिका. हे कण उजेड परतवतात. खिडकीच्या उजेडात ते जाणवत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र लेन्सच्या शेजारून सुटतो आणि जवळपास त्याच वाटेनं परत येतो, त्यामुळे चेहरा उजळून निघतो. मेकअप करणारीनं काम चोख केलं होतं, मीच तिला फ्लॅश वापरणार असल्याचं सांगितलं नव्हतं. त्या लग्नातले शंभरावर फोटो एकेक चेहरा निवडून दुरुस्त करण्यात माझ्या दहा रात्री गेल्या.

तेव्हापासून मेकअप संपला की दागिने चढायच्या आधी मी एक फोटो मुद्दाम थेट फ्लॅश मारून काढते आणि मेकअप आर्टिस्टला तिथेच स्क्रीनवर दाखवते. तिला काय करायचं ते तिला बरोबर कळतं, दोन मिनिटांत ती पावडर उतरवते. नवरी एकदा खोलीबाहेर पडली की ही दोन मिनिटं जगात कुठेच मिळत नाहीत.

या कामात सगळं असंच आहे. वस्तूंचे फोटो काढताना चुकलं तर वस्तू पुन्हा मांडता येते. इथे आईनं लेकीच्या गालावर हात ठेवला तो ठेवला. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं लग्नाच्या आधी करायचं आहे. ते नीट झालं तर त्या दिवशी माणसांकडे बघायला डोकं मोकळं राहतं.

काम ठरवताना

पहिल्या भेटीत क्लायंट अल्बम चाळतात, मी प्रश्न विचारते. तारीख, वेळ, जागा हे तर सगळेच विचारतात. माझे दोन प्रश्न निराळे असतात आणि ते मी शक्यतो नवरीला किंवा नवऱ्याला एकटं गाठून, फोनवर विचारते. पहिला: घरात सध्या कोणाचं कोणाशी पटत नाही? सुरुवातीच्या काळात मी एका नवरीच्या आईवडिलांना ‘जरा जवळ या ना’ म्हणाले होते. ते दोघं सहा वर्षं वेगळे राहत होते. सगळा मांडव एकदम गप्प झाला. दुसरा प्रश्न: कोणाचा फोटो हवाच हवा, आणि ते माणूस किती वेळ थांबू शकेल? आजी-आजोबा लवकर दमतात, लवकर निघतात. त्यांचे फोटो ‘नंतर निवांत काढू’ म्हणून ठेवलेत तर नंतर रिकामी खुर्ची उरते.

मग लिहून घ्यायचं. ओळखीतलं लग्न असेल तर जास्तच लिहून घ्यायचं, कारण ओळखीत तोंडी बोललेलं दोन्हीकडे वेगवेगळं आठवतं. किती तास थांबणार, किती जण येणार, अंदाजे किती फोटो मिळणार आणि किती दिवसांत, न निवडलेले आणि रॉ फोटो (कॅमेऱ्यातून निघालेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइली) देणार की नाही (मी देत नाही), मी आजारी पडले तर कोण येईल, आणि हे फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून लोकांना दाखवू शकते का. शेवटच्या कलमाला ‘नाही’ म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी त्याचे जादा पैसे घेत नाही, काही जण घेतात, मला ते पटत नाही.

पैशांबाबत एवढंच सांगते: एक दिवसाचं लग्न म्हणजे एका दिवसाचं काम असं धरून भाव काढू नका. माझा हिशेब साधारण सहा दिवसांचा निघतो. एक दिवस भेटी आणि जागा पाहण्यात, एक शूटचा, तीन निवड आणि एडिटिंगचे, एक अल्बमचा. त्यात सामानाची झीज, असिस्टंट, प्रवास आणि वर्षातले बिनलग्नाचे महिने धरायचे. तारीख अ‍ॅडव्हान्स मिळाल्यावरच अडकवायची, मोठा हप्ता लग्नाच्या आधी घ्यायचा, आणि उरलेली रक्कम अल्बम हातात देण्यापूर्वी. एका घरानं अल्बम आधी नेला आणि बाकी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाले. तो आठवडा अजून यायचाय.

सामान, थोडक्यात

कॅमेरे दोन हवेत, आणि दोन्हींत दोन-दोन कार्डं बसणारी हवीत, म्हणजे प्रत्येक फोटो त्याच क्षणी दोन ठिकाणी लिहिला जातो. विकत घ्यायला जमत नसेल तर दुसरा भाड्यानं आणा, पण एका कॅमेऱ्यावर लग्न घेऊ नका. माझ्या एका खांद्यावर ३५ मिमी लेन्स असते (आकडा लहान तितकं जास्त रुंद दृश्य) आणि दुसऱ्यावर ८५. झूम वापरणारे २४-७० आणि ७०-२०० घेतात, तेही उत्तमच. ज्या लेन्सनं तुमचा हात बघता बघता आपोआप योग्य अंतरावर जातो ती लेन्स चांगली.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आदल्या रात्री सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, दुसऱ्या फोटोग्राफरचीसुद्धा. एकदा माझे दोन कॅमेरे एकमेकांपासून सात मिनिटं लांब होते. संगणकावर वेळेनुसार लावल्यावर नवरी आधी हार घालते आणि मग दारातून आत येते असा सगळा कारभार झाला. साडेतीन हजार फोटोंची ती गुंतवळ सोडवताना मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. आता रात्री एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो प्रत्येक कॅमेऱ्यानं काढून ठेवते. फरक राहिलाच तर नेमका किती, ते त्यावरून कळतं आणि नंतर एका फटक्यात दुरुस्त करता येतं.

नवरीची खोली

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण दिवसभरात नवरी तुमच्या वाट्याला निवांत येते ती इथेच. नंतर ती सगळ्यांची असते.

खोलीत शिरल्यावर आधी कॅमेरा काढायचा नाही. खिडकी शोधायची. मग परवानगी घेऊन खोलीतले दिवे बंद करायचे. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन धरतात, पिवळ्या बल्बचं ३००० च्या आसपास. दोन्ही एकदम पडले की एक गाल निळसर आणि दुसरा हळदुला येतो, आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) कोणाची समजूत काढणार? मेकअप चालू असेल तर मेकअप करणारीला तिचा दिवा हवा असतो. तिच्याशी भांडू नका. तिचं संपेपर्यंत दागिने, पोशाख, चपला, आरशाच्या कडेला खोचलेली चिठ्ठी असे फोटो खिडकीपाशी उरकून घ्या.

दुसरं काम आवराआवरीचं. पलंगावरच्या पिशव्या, चार्जरच्या वायरी, अर्धवट प्यायलेली बाटली, लटकणारे हँगर. डोळ्यांना हा पसारा दिसत नाही, फोटोत आधी तोच दिसतो. सगळी खोली आवरायची गरज नाही, खिडकीजवळचा एक कोपरा रिकामा केला तरी पुरे. मी स्वतः उचलते, नवरीच्या बहिणीला हाताशी घेते. त्या निमित्तानं तिच्याशी ओळख होते आणि दिवसभर ती माझ्या बाजूची होते.

मग नवरीला खिडकीपासून हातभर-दोन हात अंतरावर उभं करायचं, तोंड सरळ खिडकीकडे नाही, थोडं तिरकं. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर तिला हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा, किंवा तुम्हीच जागा बदला. लांबच्या गालावर सावली फार गडद पडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर धरून कोणाला तरी उभं करा, तोच तुमचा रिफ्लेक्टर. ८५ मिमीनं दोन-अडीच मीटरवरून चेहरा जसा दिसतो तसा येतो. मोबाइलसारख्या रुंद लेन्सनं अगदी जवळ गेलात की नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात.

हात हा मोठा प्रश्न. मोकळे सोडले की काठीसारखे लोंबतात, दुमडले की रुसल्यासारखे दिसतात. त्यांना काम द्या. कानातलं नीट करायला सांगा, बांगडी सरळ करायला सांगा, आईचा हात धरायला सांगा. आणि ‘स्माइल’ कधीही म्हणू नका. म्हटलं की फक्त ओठ हसतात. मी विचारते, ‘तुला सगळ्यात आधी कोणी सांगितलं होतं, की हे लग्न होणार?’ यावर प्रत्येकीकडे काहीतरी असतं. बोलून झाल्यावर जो अर्धा सेकंद असतो, त्यातला फोटो घ्यायचा.

लाल पोशाखाबद्दल एक इशारा. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे मोजतो; गडद लाल, राणी किंवा केशरी रंगात लाल चॅनेल बाकीच्यांच्या आधी भरून वाहतो. कापडावरचं विणकाम, चुण्या, बारीक नक्षी सगळं एकसारखं लाल पत्र्यासारखं सपाट होतं. पांढऱ्या-काळ्या साध्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाचा आलेख, डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) हे दिसतच नाही, सगळं ठीक वाटतं. म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर थोडं खाली घ्या. रॉमध्ये काढलं असेल तर सावल्या नंतर उचलता येतात, पण जळालेला भाग परत आणता येत नाही. पांढऱ्या पोशाखाला काळजी तीच, फक्त तिथे तिन्ही चॅनेल एकदम टेकतात.

कपडे बदलताना मी खोलीबाहेर असते. पुरुष फोटोग्राफरनं तर ही वेळ पूर्णच सोडावी, आणि हे ‘बाहेर जाऊ का?’ असं न विचारता आपणहून करावं. नवरी रडायला लागली तर दोन-तीन फोटो घ्या, मग कॅमेरा खाली ठेवा. तो किती वेळ खाली ठेवायचा ते मी सांगू शकत नाही.

विधी चालू असताना

इथे तुम्ही पाहुण्यांच्या आणि नवरा-नवरीच्या मधलं माणूस असता. व्हिडिओवाल्यांशी आधीच बोलून घ्या: मी डावीकडे, तू उजवीकडे, मुख्य क्षणी मधे कोणी यायचं नाही. हे न ठरवल्यामुळे माझ्या कित्येक चांगल्या फोटोंत एक काळं कोपर आहे.

आवाज नको म्हणून एका लग्नात मी शटर सायलेंट मोडवर टाकलं आणि सभागृहातल्या एलईडी दिव्यांखाली अर्ध्या तासाचे फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांचे आले. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. सायलेंट मोडमधलं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर (फोटो टिपणारी चकती) ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही मंद नोंदल्या जातात. उपाय सोपा आहे: तिथे मेकॅनिकल शटर वापरा, शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवा (६० हर्ट्झच्या देशात १/१२० किंवा १/६०), आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्यांचं लुकलुकणं टाळणारी सोय) असेल तर चालू करा. सायलेंट मोड दिवसाच्या उजेडासाठी राखून ठेवा. लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल बघायला जाता तेव्हा सगळे दिवे लावायला लावून दहा फोटो काढून बघा. ही माझ्या पट्ट्यांची शिकवण आहे, फुकट घ्या.

पट्ट्यांचा त्रास नसेल तिथे मात्र वेग वाढवा, चालणारी माणसं १/२५० च्या खाली गेलात की पुसट होतात. उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवायला भिऊ नका. दाणेदार फोटो अल्बममध्ये खपतो, हललेला खपत नाही. आणि मोठा क्षण आला की सगळे लेन्स जोडप्याकडे वळतात, तेव्हा एकदा तरी मागे वळून बघा. मला मिळालेले सगळ्यात चांगले वडील मागे वळल्यावर मिळाले आहेत, खांबाला टेकून, चष्मा हातात घेऊन.

कधी कधी राहून जातं, आणि घरचे म्हणतात, ‘परत करतो ना, तेवढा फोटो घ्या.’ मी घेते, वाद घालत नाही. पण तो अल्बममध्ये ठळक लावत नाही, कारण परत केलेल्यात सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्यावर असतं. व्हिक्टोरिया राणीचा लग्नातला म्हणून जो फोटो फिरतो ना, तो १८५४ चा आहे, रॉजर फेंटननं काढलेला. लग्न झालं होतं १८४० मध्ये. फोटोत दोघंही संसाराला चौदा वर्षं झाल्यासारखीच दिसतात.

ग्रुप फोटो

ग्रुपची यादी आधी मागवा, आणि नातेवाइकांतला एक मोठ्या आवाजाचा माणूस तुमच्या हाताखाली घ्या. ‘मोठ्या मावशी कुठायत?’ हे त्यानं ओरडायचं, तुम्ही नाही. तुम्हाला मोठ्या मावशी कोणत्या ते माहीतच नसतं. प्रत्येक ग्रुपला तीन मिनिटं धरा. वीस ग्रुप म्हणजे एक तास, हे यादी बघतानाच घरच्यांना सांगा. यादी आपोआप छोटी होते. आजी-आजोबा असलेले ग्रुप आधी, मित्रमंडळी शेवटी.

डोळे मिटण्याचं गणित खरोखरच कोणीतरी मांडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या निक स्वेनसन आणि पियर्स बार्न्स यांनी ते केलं आणि त्याबद्दल त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (गमतीदार वाटणाऱ्या खऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीननं भागा, कमी असताना दोननं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची चांगली शक्यता. म्हणजे पंधरा जणांना चांगल्या उजेडात पाच, अंधुक उजेडात सात-आठ. मी एक जादा काढते, कारण एक काका नेहमी शेवटच्या क्षणी शेजारच्याशी बोलतात.

दोन रांगा असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) एफ ५.६ पेक्षा जास्त उघडू नका, नाहीतर मागची रांग मऊ येते. रुंद लेन्स लावून जवळ उभे राहू नका. कडेची माणसं ताणली जातात, आणि कडेला नेमकी तीच मंडळी उभी असतात ज्यांना आपण जाड दिसतो की काय याची धास्ती असते. ५० मिमी लावा, मागे सरका. दिवाही मागे न्या. दिवा पुढच्या माणसापासून दोन मीटरवर आणि मागच्यापासून चार मीटरवर असेल तर मागच्याला चौथा हिस्साच उजेड मिळतो. तोच दिवा चार मीटर मागे नेला की अंतरं सहा आणि आठ होतात आणि मागच्याला निम्म्याहून थोडा जास्त मिळतो. उजेड एकूण कमी झाला तरी चालेल, सारखा पडला पाहिजे.

त्या रात्री आणि त्यानंतर

घरी पोचल्यावर अंघोळीआधी कार्डं उतरवायची. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझी तिसरी प्रत क्लाउडवर जाते, आणि ती पूर्ण चढेपर्यंत कार्डं फॉरमॅट होत नाहीत. फोटो खरंच उघडतात का ते अधूनमधून उघडून बघा. फाइलचं नाव दिसणं आणि फाइल शाबूत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन दिवसांत वीस-पंचवीस फोटो पाठवून द्या, म्हणजे पुढचा महिना ‘कधी मिळणार?’ हे फोन येत नाहीत. बाकीची निवड मात्र दोन दिवस सोडून करा. थकलेल्या डोळ्यांना सगळंच टाकाऊ वाटतं.

रिटचिंगबद्दल माझं मत कडक आहे. चार दिवसांत जाणारी गोष्ट काढायची: पुटकुळी, ओरखडा, डोळ्यांखालचा जागरणाचा काळेपणा थोडासा. कायमची गोष्ट ठेवायची: तीळ, व्रण, दातांमधली फट, सुरकुत्या. आणि त्वचेचा रंग उजळ करायचा नाही, कोणी मागितला तरी. मी सांगते की मला ते नीट जमत नाही, दुसरीकडून करून घ्या. जमत सगळं असतं.

पडद्यावर बघायला फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांना कळणारी रंगांची पद्धत) द्या, नाहीतर कोणाच्या मोबाइलवर लाल मातकट दिसेल आणि दोष तुम्हाला लागेल. छपाईसाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पुरेल एवढी फाइल, आणि रंग छापखान्याला विचारून. अल्बमच्या पानांवर घडीची रेषा जिथे येते तिथे चेहरा ठेवू नका. दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो पडद्यावर झकास दिसतो, आणि छापून आल्यावर नवरीचं नाक घडीत गेलेलं असतं.

सगळ्यात शेवटी मुखपृष्ठावरची नावं. ती घरच्या दोघांकडून लिहून मागवा, मोबाइलवर टाइप करून, आणि तीच कॉपी करून टाका. मी एकदा आमंत्रणपत्रिका बघून हातानं टाइप केली होती. नवऱ्याच्या नावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली, चाळीस पानांचा अल्बम माझ्या खर्चानं पुन्हा छापला. चुकलेला अजून माझ्या कपाटात आहे, नव्या क्लायंटना कागद आणि बांधणी दाखवायला तोच काढते.